न वाकणारा अंगठा

प्रिय द्वारका,

रागानं सरूमावशीकडं करमाडला जाऊन तुला बारा दिवस झाले. मावशीचा निरोप आला, जेवतेस पण बोलत नाहीस. त्यात माझा वाटा किती, ते लिहायला बसले आहे.

पोलीस भरतीसाठी तू वर्षभर पहाटे गारखेड्याच्या रस्त्यानं पळालीस. दिवाळीनंतर माझ्या ध्यानात आलं, जिना चढताना तू पाय बाहेरच्या कडेवर टाकतेस. देवापुढून उठताना डाव्या पायाचा अंगठा वाकतच नाही. विचारलं की म्हणायचीस, काय नाय आई, झोपेत आखडला. पाच तासांच्या झोपेत एवढं काय आखडतं, हे मला कधी पटलं नाही.

मग नानासाहेबांच्या घरचे तुला बघायला आले. त्यांच्या वच्छलाकाकूंनी रिवाजाप्रमाणं चालून दाखव म्हटलं, आणि तू भर बैठकीत लंगडलीस. सकाळी तीन मैल पळालेली पोरगी संध्याकाळी दहा पावलं धड चालेना! माझी खात्रीच झाली, सोयरीक मोडायला केलेलं हे सोंग आहे. ते उठून गेल्यावर मी नको ते बोलले, देवासमोर शपथ घे म्हणाले. तू घेतली नाहीस, पिशवी भरून निघालीस. म्हणजे खोटंच, असं मी धरून चालले.

नंतर तुझ्या गादीखाली एक्स-रे सापडला. पाकिटावर नाव तुझं, तारीख ते लोक येण्याआधीची. तरी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा असेल. थेट औरंगपुऱ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेले नि विचारलं, हे सोंग असू शकतं का? ते हसले. म्हणाले, मावशी, लंगडायचं सोंग करता येतं, हाड वाढवायचं नाही. पळताना प्रत्येक पावलाला अंगठा मागं वाकतो, सगळा भार त्याच्या मुळाशी येतो. तिथली गादी झिजली आहे, वर हाड वाढून सांधा अडतो. कुणाकुणाची ठेवणच तशी असते, आणि आवळ बुटांनी दुखणं वाढतं. एक नंबर लहान बूट स्वस्त मिळाले म्हणून मीच आणले होते, सैल होतील म्हणून तुलाच दटावलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, बोटांपाशी रुंद नि तळ कडक असे बूट घालायचे, सुजेवर बर्फ, अंगठा हातानं हलके ओढून रोज वाकवायचा. सूज उतरेपर्यंत पळणं बंद, तोवर सायकल. गुण नाहीच आला तर सांध्यात सुई, अगदी शेवटी ऑपरेशन करून वाढलेलं हाड तासतात. दीड महिन्यात फरक पडावा म्हणाले, पण हमी देत नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझं भरतीच्या मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. मी ते फोडलं आणि पोथीत दडवलं. वाटलं, हे हाती पडलं की तू पुन्हा लग्नाचं नाव घेणार नाहीस. मावशीलाही कळवलं नाही. नऊ दिवस पोथी उघडायचं धाडस झालं नाही, पारायण तसंच राहिलं. बोलावणं या पत्रासोबत पाठवते आहे. मैदान सतरा दिवसांवर आहे. अंगठ्याला विसावा द्यायचे नऊ दिवस मी खाल्ले. पळायचं की पुढच्या भरतीपर्यंत थांबायचं, ते तू आणि डॉक्टर ठरवा, मी विचारणार नाही. पळणार असशील तर मी मैदानावर आलेलं तुला चालेल का, तेवढं कळव.

तुझीच,
आई