आयतवार

रविवार, २ नोव्हेंबर

आज गाव बंद! सुट्टी — खंडोबाची. रविवारी रानात जायचं नाही, दळण नाही, चुलीवर तवा नाही, दुकानातून मिठाची पुडीसुद्धा आणायची नाही. शनिवारच्या भाकरी खायच्या. तवा ठेवला की देव कोपतो म्हणे. आमच्याकडे गॅस आहे. देवाला बहुतेक कळवलेलं नाही.

तीस वर्षं परतूरला विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन ह्यांच्या गावी आले ती हे ऐकायला!

वर आभाळ भरून आलंय, आणि आमचा कापूस बोंडांतून लोंबतोय. नेहमी वेचायला येते त्या नंदाबाईकडे गेले. ती ओट्यावर पाय पसरून लेकीकडून डोक्याला तेल लावून घेत होती.

"आयतवारी न्हाई, मॅडम. देव कोपंल."

"देवानं कोणाला सांगितलं?"

"माझ्या सासूच्या अंगात आल्तं ना, दुर्गाबाईच्या. तवापासून गाव पाळून राह्यलं."

म्हणजे एक बाई केस सोडून घुमली आणि अख्खं गाव पन्नास वर्षं शिळं खातंय! आयतवार म्हणे. आयता मिळालेला वार!

घरी येऊन पडल्या पडल्या मासिक वाचून संपवलं. करणार काय?

सोमवार, ३ नोव्हेंबर

रात्री पाऊस. निम्मा कापूस मातीत. देवाचे आभार.

रविवार, ९ नोव्हेंबर

मी स्वतः गेले. पदर खोचला, कमरेला वेचणीची ओटी बांधली आणि दुपारपर्यंत कापूस वेचला — रस्त्याकडेच्या ओळीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. येताना दुकान उघडायला लावून मीठ घेतलं. घरी तवा ठेवला. पोळी टम्म फुगली! कुणी कोपलं नाही. माझी कंबर तेवढी कोपली.

हे म्हणाले, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा गावात रविवारी गरम खाल्लं." दोन पोळ्या जास्त.

अंधश्रद्धा अशी मोडायची असते. भाषणाने नाही — प्रयोगाने.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काकासाहेब घरी चहाला! गावात सगळ्यात जास्त जमीन त्यांची. एरवी मी दिसले की रस्ता बदलतात. आज म्हणे, "मॅडम, तुम्ही गावाचे डोळे उघडले. शिकलेलं माणूस पाहिजेच गावात."

पारावर पुरुषांची बैठकही झाली. यापुढे रविवारी रान चालू, गिरणी चालू, दुकान चालू. सगळे पुरुष एका रात्रीत विज्ञाननिष्ठ झाले. याला म्हणतात चमत्कार!

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सकाळी हे — "गरम भाकरी टाक. आता काय अडचण?" टाकल्या. मग भांडी. मग काकासाहेब दोन माणसांना घेऊन आले — चहा. पुन्हा भांडी. नवं मासिक आलंय, उघडलं नाही.

दिवेलागणीला नंदाबाई काकासाहेबांच्या रानातून परतताना दिसली. डोक्यावर सरपणाचा भारा. माझ्याकडे बघेना. मीच हाक मारली.

"काय गं, कोपला का देव?" माझी जीभ!

ती थांबली. "तुमचं बराबर हाय, मॅडम. न्हाई कोपत देव. सासूच्या अंगात बी कायच आल्तं न्हाई."

"मग?"

"पाय सुजल्ते तिचे. आमचे हे पोटात व्हते. तिला एक दिवस बसायला पायजे व्हतं. बाईला सुट्टी कोन देतंय? मंग देवाच्या तोंडून मागितली. साऱ्या बायांसाठी मागितली. म्हनून तर तव्याचं बी घातलं त्यात."

"हे आधी का नाही सांगितलंस मला?"

"तुम्ही इचारलं का? तुम्ही तर प्रयोग करून राह्यल्त्या."

गेली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. दर जूनला पोरांकडून फळ्यावर लिहून घेत होते. ती पाय पसरून बसली होती! डोळ्यांसमोर! आणि मला दिसला फक्त खंडोबा. वर म्हणे — आयता!

बुधवार, १९ नोव्हेंबर

काकासाहेबांकडे गेले. बायकांना आठवड्याची एक सुट्टी ठेवा म्हटलं.

हसले. "देव कोपत न्हाई हे तुम्हीच दाखवलं ना, मॅडम. मंग सुट्टी कशापायी?"

कायदा सांगितला.

"कायदा परतूरला राहतो, मॅडम. इथं मुक्कामाला येत न्हाई."

घरी हे म्हणाले, "तू कशाला मधे पडतेस?" ह्यांच्या वरणात मीठ जास्त पडलं. चुकून.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

खंडोबाचं नवरात्र बसलं. केस धुतले. नंदाबाईकडे जाऊन जरा शिकून आले. हसता हसता ती ओट्यावरून पडायची राहिली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

भर आरतीत माझ्या अंगात आलं. काकासाहेब सगळ्यांच्या आधी पाया पडले. नंदाबाईनं इतका भंडारा उधळला की केसांतून निघत नाही. हे अजून माझ्याशी हात जोडून बोलतायत.

उद्या तवा नाही.