नापास वन्सं

१२ नोव्हेंबर, दुपार

चि. सौ. चिमणीस,

ताईचे भरभरून आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. इथे हवा कोरडी आहे, पाणी एक दिवसाआड येतं आणि शेजारच्या मास्तरांनी पुन्हा कोंबड्या पाळल्या आहेत. तू पाठवलेला स्वेटर पोचला. रंग सुरेख आहे, बाह्या मात्र चांगल्याच लांब. वन्सं म्हणाल्या, "बहिणीनं तुझं माप घेतलं की दाराचं?"

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, खिडकीला जाळी लावलीस, दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे, सगळं वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवरही सापडत नाही म्हणून तू वैतागली असशील. वन्सं फोन उचलतात आणि मी अंघोळीला गेलेय म्हणून सांगतात. परवा तू त्यांना विचारलंस म्हणे, "ताई दिवसातून किती वेळा अंघोळ करते?" फोन ठेवल्यावर वन्संनी मला फैलावर घेतलं. "माझ्याच्यानं आता खोटं बोलवत नाही. तोंडानं जमत नसेल तर लिहून कळव." तेव्हा लिहिते आहे. पण आधी जरा इकडचं सांगू दे.

आमच्या दवाखान्याला इमारत आहे, पाटी आहे, कुलूप आहे. डॉक्टर तेवढा नाही. दर पंधरवड्याला गुरुवारी एक सिस्टर येते. तुझ्या धाकटीच्या वयाची असेल. बस खालच्या फाट्यावर सोडते, तिथून ती पिशवी सांभाळत चढण चढून येते, लालबुंद होऊन. आल्या आल्या पायरीवर बसकण मारते आणि सगळ्यांना आजी-आजोबा करत प्रेशर तपासायला लागते. कुणाचा आकडा चांगला आला की टाळ्या वाजवते. वाईट आला की गप्प होते आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देते. ती चिठ्ठी म्हणजे दिवसभराची फरफट, शिवाय कुणाला तरी सोबत न्यायचं. सोबत येणार कोण? सगळ्यांची मुलं बाहेरगावी.

मग आम्ही म्हाताऱ्यांनी एक शक्कल काढली. कुणी काढली ते विचारू नकोस, आपोआपच झालं. गोळ्या वेळेवर येत नाहीत, म्हणून एरवी जपून ठेवायच्या. गुरुवार जवळ आला की मात्र नेमानं घ्यायच्या, मीठ बंद, चहा बंद, आणि भांडण असलंच तर शुक्रवारवर ढकलायचं. गुरुवारी सगळे स्वच्छ कपडे घालून, शांत चेहऱ्यानं रांगेत. जसं काही परीक्षेला बसलोय. मास्तर तर आपला आकडा रस्ताभर सांगत घरी जायचे. पोरगी एवढी खूश व्हायची ना चिमणे, की आम्हाला वाटायचं, आपण तिच्यावर उपकारच करतोय.

त्या रांगेत एकच व्यक्ती दर वेळी नापास व्हायची. आमच्या वन्सं. तुला माहीतच आहेत त्या. आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही. सिस्टर त्यांना म्हणायची, "आजी, तुम्ही गोळ्या घेतच नाही वाटतं! या तुमच्या वहिनींकडे बघा, कसं छान आहे सगळं." आणि मी बाई गालातल्या गालात हसायचे. वन्सं मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. अख्ख्या गल्लीत रोज न चुकता गोळी घेणाऱ्या तेवढ्या एकट्या होत्या. पण गुरुवारसाठी म्हणून मीठ-चहा सोडायच्या नाहीत, की भांडण पुढे ढकलायच्या नाहीत. आकडा खरा होता, म्हणून वाईट होता. सिस्टरनं त्यांचा डोस वाढवला, त्यांना मोठ्या इस्पितळात दोनदा पाठवलं. त्या एकट्या काठी टेकत जाऊन आल्या. आमच्याबद्दल एक शब्द काढला नाही. चहाडी करणं त्यांच्या रक्तात नाही.

आता मात्र सांगते. खाली बसून वाच.

गेल्या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी भांडी लावत होते. डाव्या हातातून पातेलं सुटलं. उचलायला वाकले तर हात माझा नव्हेच. वन्संना हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती घरघर. त्या आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या नाहीत, त्यावरून मला कळलं की काहीतरी मोठं झालंय. मला भिंतीला टेकवून त्या बाहेर गेल्या. मास्तरांना माझ्यापाशी बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन फाट्यावर गेल्या. ते दुखरे गुडघे घेऊन. आणि रस्त्याच्या मधोमध स्टूल टाकून बसल्या. गाडी थांबेपर्यंत उठणार नाही म्हणून. थांबला तो विटांचा ट्रक. ड्रायव्हर आधी शिव्या द्यायलाच उतरला होता, पण वन्संपुढे कुणाचं काय चाललंय? त्यानं ट्रक थेट आमच्या दारात आणला आणि मास्तरांच्या मदतीनं मला उचलून आत ठेवलं.

वाटभर त्या मला रागावत होत्या. स्वेटर उसवला म्हणून, डाळ करपवली म्हणून, आमच्या ह्यांनी तीस वर्षांपूर्वी त्यांची छत्री हरवली म्हणूनसुद्धा. मी डोळे मिटू नयेत म्हणून.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, गोळ्या रोज घेता का? चिमणे, तशाही अवस्थेत मी मान हलवली, हो म्हणून. वन्सं म्हणाल्या, "नाही घेत. साठवते. फक्त गुरुवारच्या आधी घेते." मला इतकी लाज वाटली! पण डॉक्टरला खरं कळलं म्हणून उपचार नीट झाले, असं तो स्वतः म्हणाला. वेळेत आणलं, हेही म्हणाला. आता मी हिंडते-फिरते. डावा हात अजून रुसलेला आहे, ब्लाउजची हुकं वन्सं लावतात. बोलताना जीभ जड होते. तू आवाज ऐकून रडशील, म्हणून त्या अंघोळी.

घरी आल्यानंतरच्या गुरुवारी वन्सं रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरी, आम्ही सगळे तुला फसवतोय. तू हसावीस म्हणून. आता हसू नकोस, ओरड आमच्यावर." मास्तर भडकले, तुम्हाला काय करायचंय म्हणाले. वन्संनी माझा लोंबता हात धरून त्यांच्यापुढे वर केला. सिस्टर पायरीवर बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "ठीक आहे. यापुढे मी कुठल्या दिवशी येणार ते सांगणारच नाही." आता ती सोमवारी उगवते, शनिवारी उगवते, पोलिसांची धाड पडावी तशी. पहिल्या धाडीत सगळी गल्ली नापास. पण गोळ्यांची खरी गरज किती आहे ते तिनं वर कळवलं, आणि निदान या महिन्यात तरी त्या पुरेशा आल्या.

ऐंशी वर्षांच्या बाईत एवढं बळ कुठून येतं गं? मला त्यांचं फार कौतुक वाटतं, आणि तोंडावर सांगायला गेले तर म्हणतात, जीभ आधी सरळ कर.

आता तुझ्या खोलीबद्दल. वन्संचा हट्ट आहे की मी तुझ्याकडे यावं. "जा, तिथं दवाखाना दाराशी आहे. इथं पुढच्या वेळी ट्रक आला नाही तर?" खरं आहे त्यांचं. नाहीही येणार. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मी गेल्यावर फाट्यावर स्टूल टाकून वन्संसाठी कोण बसेल? त्यांना वन्सं म्हणणारी मी एकटीच उरलेय. आणि माझं प्रेम आहे त्यांच्यावर, हे लिहायला सत्तरी उलटावी लागली.

एवढं लिहीपर्यंत त्या आल्याच. "येते म्हणून लिहिलंस ना? वाचून दाखव." मी शेवटचा परिच्छेद वाचला. जड जिभेनं, अडखळत, सगळा. त्या समोर बसल्या, माझा डावा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट उघडून चोळायला लागल्या. मग म्हणाल्या, "तिला लिही, रंगवलेली खोली वाया जायला नको. आपण दोघी चार दिवस जाऊन येऊ."

तेव्हा पाहुण्या म्हणून दोघी येऊ गं. आणि परत जाताना अडवू नकोस.

तुझी, वन्संच्या घरची,
ताई