अकरा ठिकाणी भामा

११ जून १९९६

प्रतापरावांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. देशात उदारीकरण आलं म्हणतात. आमच्या काचीगुड्याच्या छपाईच्या ऑफिसात ते फ्लॉपीच्या डब्यातून आलं. "त्रिवेणी, आता पानांचे आकडे हातानं टाकायचे नक्को. एकदा दुवा जोडला की मशीन बघून घेते." मशीन बघून घेते, शिकायचं मात्र मी. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, चारशे पानं. जिथे अडावं तिथे 'अमुक पान पाहा'. पाहिलं, तर तिथे 'तमुक पान पाहा'.

१३ जून

पहिलं गिऱ्हाईक – भगवंतराव, विद्यानगरचे रिटायर्ड सरकारी वकील. घराण्याचा इतिहास छापायचाय. दीडशे पानं माणसं! प्रत्येकापुढे 'पाहा, पृष्ठ अमुक' – बाप कुठे, सून कुठे, दत्तक कुठे. एक पान वाढलं की सगळे आकडे चुकणार, म्हणून हे दुवे.

पहिला दुवा जोडला. मराठी फॉन्टात आकड्याऐवजी 'ढ' उमटला. मशीननं मला लगेच ओळखलं.

१८ जून

'ढ' गेला. आकड्याला वेगळा फॉन्ट द्यायचा, एवढंच होतं. चारशे पानांत कुठेही लिहिलेलं नाही.

तीनशे बारा दुवे जोडून झाले. मुद्दाम सुरुवातीला दोन पानं घुसवून पाहिली – सगळे आकडे आपोआप दोननं पुढे. मी खुर्चीतून उठलेच. प्रतापराव म्हणाले, "काय झालं, करंट लागला?"

२४ जून

भगवंतराव आले. एक नोंद काढायचीय. "माझ्या बहिणीची. खारिज कर."

बहीण म्हणजे भामाबाई. नारायणगुड्याच्या शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही. दहा वर्षांपूर्वी आंध्रात कायदा आला – लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित घरात भावाइतका वाटा. तो त्यांनी मागितला, मिळेना तेव्हा कोर्टात गेल्या. जन्मभर दुसऱ्यांना कायदा सांगितलेला माणूस! स्वतःच्या घरात आल्यावर तो आवडला नाही.

नोंद काढली. मशीननं यादी दिली – अकरा दुवे तुटले. अकरा ठिकाणी 'पाहा, पृष्ठ ??'. मी वाचून दाखवायला लागले. धाकटे बंधू केशवराव, शिक्षण कोणी केलं – भामा. पत्नी पद्मावती, आजारपणात शुश्रूषा – भामा. मुलगा शिवराज, आई गेल्यावर सांभाळ –

त्यांनी हात वर केला. "पुरे."

"मग हे अकराही काढू, काका?"

"काढ."

वाक्य वकिली होतं. आवाज वकिली नव्हता. काढले.

२७ जून

दुपारी एक बाई आल्या. सुती साडी, छत्री, जाड चष्मा. "भगवंतरावांच्या पुस्तकाचं प्रूफ बघायला मिळेल? शिवराज म्हणाला, इथे आहे." नाव विचारलं. भामा.

एकाचं प्रूफ दुसऱ्याला दाखवायचं नाही, असा नियम आहे. नियम करणारे प्रतापराव बँकेत गेले होते. दाखवलं.

स्वतःचं नाव शोधलं. नव्हतं. तरी उठल्या नाहीत, तीन तास वाचत बसल्या. लाल पेन मागितला आणि नऊ चुका काढल्या. एक तर पद्मावतीबाईंच्या मृत्यूच्या तारखेची. "दादाला तारखा कधी पाठ नसतात. कोर्टाच्या सोडून."

मला राहवलं नाही. "तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. म्हणून तर दावा लावला. पण वहिनीची तारीख चुकीची छापून मी काय मिळवू, पोरी?"

१ जुलै

भगवंतरावांनी लाल अक्षर ओळखलं. एकेक खूण बोटानं तपासली. मग म्हणाले, "दुरुस्त्या बरोबर आहेत. घे."

"आणि भामाबाईंची नोंद?"

"सांगितलं ना एकदा."

नऊ दुरुस्त्या आत, करणारी बाहेर. फार न्यायी घराणं.

ते गेल्यावर प्रतापरावांनी मला प्रूफ न दाखवण्याचा नियम ऐकवला. तो मात्र पाठ होता त्यांना.

९ जुलै

भगवंतराव आज शेवटची सही करायला येणार होते. आले नाहीत. वकील माणूस, पुढची तारीख घेतली असेल.

२२ जुलै

शिवराज आला. डोक्याचं मुंडण. "बाबा गेले. तुमच्याकडे यायचे होते त्याच दिवशी, सकाळी." मी खुर्ची पुढे केली. त्यानं पिशवीतून प्रूफ काढलं. "यात आत्या कुठेच नाही. बाबा शेवटी काय म्हणाले होते – ठेवायची की काढायची?"

प्रतापराव शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ठेवायची म्हणाले होते," मी म्हटलं. "माझ्याकडूनच राहिली."