गाडी विकायची की ठेवायची

२ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. महिनाअखेरपर्यंत गाडीचा निकाल लावायचा. विकून नवी घ्यायची, की हीच चालवायची. गाडीचं वय एकोणीस, माझं एकाहत्तर. माझ्या वयाचा इथे काही संबंध नाही. आमच्या हिने विषय काढला म्हणून लिहिलं.
गाडीचे दोष: दिवे मंद. ब्रेक उशिरा लागतात. डावा आरसा कुचकामी, त्यात काहीच दिसत नाही.
गुण: तत्त्व. ‘वापरा आणि फेका’ या वृत्तीविरुद्ध मी वाचनालयाच्या सभागृहात तीनदा बोललोय. अशा माणसाने चालती गाडी विकली, तर लोक तोंडात शेण घालतील.
कल: ठेवण्याकडे.

५ जानेवारी
मेकॅनिककडे गेलो. दिव्यांचे बल्ब बदलले. तरी मंदच. तो म्हणाला, काका, एवढा झोत टाकलात तर समोरचा शिव्या घालेल. ब्रेक म्हणे चोख आहेत. आरसा पुसून दाखवला, म्हणाला, बघा, माझी टपरी दिसतेय की नाही? मी हो म्हटलं. वाद कशाला? एकोणीस वर्षं हाच गाडी बघतोय. आता त्याची नजर गेली असणार. माणसाला स्वतःचं कळत नाही.
येताना डाव्या दाराला नवा ओरखडा. महिन्यातला तिसरा. फाटकाचा खांब कुणीतरी आत सरकवलाय. लेखी तक्रार करणार.

९ जानेवारी
हिला डाव्या खांद्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेलं. सहा महिने खांदा धरलाय, कारण कुणाला सापडत नाही.
गाडीत हिची टकळी. अहो, स्पीडब्रेकर आला. अहो, लाल झाला. अहो, म्हातारीला जाऊ द्या. एक्केचाळीस वर्षं मोजकं बोलणारी बाई, वर्षभरात रेडिओ झालीय. शेवटी मी म्हटलं, गाडी मी चालवतोय, तू गप्प बसशील का?
बसली.
पुढच्या चौकात डावीकडून एक सायकलवाला एकदम अंगावर आला. हे लोक हल्ली आभाळातून पडतात. थोडक्यात वाचला. त्याने बॉनेटवर थाप मारली आणि माझ्या तीर्थरूपांचा उद्धार केला. ब्रेक उशिरा लागतात हे सिद्ध झालं.
हिने घरी आल्यावर ताट वाढलं. स्वतःचं वाढलं नाही.

१४ जानेवारी
लेक आणि जावई आले. जावई म्हणाले, बाबा, गाडी विकून टाका, टॅक्सी आहे, आम्ही आहोत. अस्सा पेटलो! यंत्र म्हणजे काय, श्रम म्हणजे काय, माणसाने आपल्या साधनाशी कसं इमान राखावं, सगळं मांडलं. वीस मिनिटं अखंड. उपमा सुचत गेल्या. जावई निरुत्तर.
मग ते हळूच म्हणाले, बाबा, पटतंय सगळं, पण मी इकडे बसलोय.
ते डावीकडे होते, मी उजवीकडच्या कोटांच्या स्टँडला उद्देशून बोलत होतो. त्यावर त्यांचाच कोट होता. कुणाचीही गफलत झाली असती. लेक हसली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, आईच्या मागोमाग. बराच वेळ दोघी बाहेर आल्या नाहीत.

१८ जानेवारी
मत बदललं. जिवंत माणसाचीच मतं बदलतात, दगडाची नाही. नवी गाडी घ्यायची. दोष सगळे यंत्राचे आहेत, तर यंत्र बदलावं.
शोरूममध्ये गेलो. चालवून बघितली. फार भित्री गाडी. डावीकडे जरा काही आलं की पीं पीं. दीड किलोमीटरमध्ये ओरडणं थांबलं नाही. म्हटलं, हिच्यात बिघाड आहे. विक्रेती मुलगी म्हणाली, सर, बाजूला घ्या ना, परत मी नेते. तिने सीट दोन्ही हातांनी धरली होती. नवशिकी असावी. निरोप देताना म्हणाली, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या हं, काका. आलो तेव्हा सर होतो.

२१ जानेवारी
ही म्हणाली, हवी ती गाडी घ्या, आधी डोळे दाखवा. हिचं तोंड बंद व्हावं म्हणून गेलो.
एका डब्यात हनुवटी टेकवून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकही ठिपका सोडला नाही. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, एक वेलांटी नजरेतून निसटली नाही, मला काय शिकवता!
डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. डावी बाजू काळीकुट्ट. मी सांगितलं, शाई जास्त झालीय, छपाई पुन्हा काढा. त्या म्हणाल्या, आजोबा, हा काचबिंदू. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी राखू. मग विचारलं, घरी गाडी कोण चालवतं?
मी म्हटलं, गाडी जुनी आहे.
त्या म्हणाल्या, मी गाडीचं वय नाही विचारलं.
ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

२५ जानेवारी
नवी योजना. जुनीच गाडी ठेवायची. ओळखीचे रस्ते, दिवसाउजेडी, वेग तीस. यात धोका शून्य.
दुपारी हिला दवाखान्यात न्यायला गाडी काढली. ही टॅक्सीपाशी उभी. म्हणाली, मी तुमच्या गाडीत बसणार नाही.
कारण विचारलं. रस्त्यातच सांगितलं. म्हणाली, खिडकीवरचं ते हँडल वर्षभर जीव मुठीत धरून आवळतेय, खांदा त्यानेच गेला. म्हटलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगत होते की, रोज. तुम्ही गप्प बस म्हणालात.
टॅक्सीवाला मीटरकडे बघत राहिला. ही बसली, गेली.
गाडी परत आत घेतली. डाव्या सीटवर बसून ते हँडल धरून बघितलं.

३१ जानेवारी, संध्याकाळ
निकाल लागला. गाडी मेकॅनिकने घेतली, त्याच्या धाकट्या मेव्हणीसाठी. निरोपाचं भाषण तयार होतं. किल्ली देताना तोंडातून एवढंच आलं, बॅटरी नवीन आहे. तो म्हणाला, माहितीये काका, मीच बसवली. आणि म्हणाला, अजून दहा वर्षं काही होत नाही हिला. इंजिन ठणठणीत आहे.
तो गेल्यावर ही म्हणाली, चला, चार पावलं चालून येऊ.
रस्त्याच्या कडेला आलो. ही माझ्या उजवीकडे होती, ती वळसा घालून डावीकडे आली, कोपर धरलं. मी म्हटलं, मला रस्ता ओलांडता येतो. हिने कोपर सोडलं नाही. मी पाऊल पुढे टाकलं नाही. उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. डावीकडे बघितलं.
मग मी विचारलं, काही येतंय का गं?
म्हणाली, येतंय. थांबा जरा.
थांबलो.