आवसेचा समुद्र

आण्णा, ज्या गावात तुम्ही एकतीस वर्षं राहिलात त्या गावाला समुद्र आहे, हे तुम्ही आम्हाला कधी धड सांगितलं नाही. नुसतं कोचीन म्हणायचात. कोचीन म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि रोजचा भात, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी पन्नाशीला टेकले, आणि गेल्या आठवड्यात त्या पाण्यापुढं उभी राहिले तेव्हा तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर तिथंच भांडले असते. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. लाइट गेलीय, गिरणी बंद आहे, दळणाचे डबे रांगेत पडलेत, पडू देत. चौथीपर्यंतच शाळा झालीय माझी, अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

आधी कारण सांगते. तुमची नात, जिला तुम्ही पाळण्यात बघून गेलात, ती जिल्ह्याच्या गावी विश्रामबागेत खोली घेऊन इंजिनिअरिंग शिकली. आता तिला नोकरी आलीय, आणि ती तुमच्याच कोचीनला. जुन्या इमारती पडू नयेत म्हणून त्यांची डागडुजी करायचं काम, दोन वर्षं तिकडंच राहायचं. तिनं सांगितलं तेव्हा मी गिरणीचा पट्टा बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "तिथं काय हाय? बघण्यासारखं काय न्हाई." बोलून गेले आणि हात थांबला माझा. शब्द तुमचे होते. मी तर त्या गावाची वेस बी बघितली नव्हती. पोरगी चिडली नाही, ती तुमच्यासारखी थंड डोक्याची. म्हणाली, "आई, एकदा बघून घे, मग नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही." हे लय वाईट झालं. तिनं वाद घातला असता तर मी दोन शब्द जास्त बोलून मोकळी झाले असते. तुमच्या जावयांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या बापाचं गाव हाय ते, तूच ठरव." म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

तुमचे ते शब्द मी कधी ऐकले हे तुम्हाला आठवतं का? मी अकरा वर्षांची. चैत्रात जत्रेला तुम्ही आठ दिवस गावी यायचात. पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, बोटांना मात्र काळे डाग. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय. आई विचारते, "तिकडं जेवायला काय आसतंय?" तुम्ही म्हणता, "भात." "आन् त्याच्यावर?" "भातावर भात." त्या वर्षी माझ्यासाठी एक जायफळ आणलेलं, त्याला लाल जाळी गुंडाळलेली. मी विचारलं झाडाला लागतं का, तर व्हय. झाड कसं असतं, तर झाडासारखं. मग मीच ठरवलं, आपण जाऊन बघायचं. तुमच्या जायच्या दिवशी पिशवीत दोन फ्रॉक भरले आणि तुमच्या आधी फाट्यावर जाऊन विट्याच्या एसटीत बसले, खिडकीला. तुम्ही चढलात, मला बघितलंत, पिशवी उचललीत. "उतर खाली." मी म्हणाले, "मला यायचंय." कंडक्टर म्हणाला, "येऊ द्या की मालक, अर्धं तिकीट हाय तिचं." सगळी गाडी हसली. तुम्ही हसला नाही. "तिथं काय हाय? बघण्यासारखं काय न्हाई," म्हणालात आणि दंडाला धरून उतरवलंत. त्यानंतर मी परत विचारलं नाही आणि तुम्हीही कधी विषय काढला नाही.

तर गेल्या आठवड्यात गेलो आम्ही मायलेकी. पोरीनं तिथं एक माणूस ठरवला होता, सकाळी सातपासून पायी फिरवून जुनं शहर दाखवणारा. त्याला पैसे द्यायचे होते. मी म्हणाले, "आमच्याकडं माणसं फुकट चालतात." ती म्हणाली, "आई, चालायचे नाहीत, सांगायचे पैसे आहेत." साठीचा माणूस, पांढरी लुंगी, हातात मिटलेली काळी छत्री, हिंदी बरी बोलायचा. आम्ही दोघी, एक गुजराती जोडपं आणि एक गोरी म्हातारी, एवढेच जण. म्हातारी दर दहा पावलांवर थांबून फोटो काढायची. मी पोरीला म्हणाले, "हिला हिच्या गावात झाडं न्हाईत का?" पोरगी म्हणाली, "आई, हळू."

मग एका वळणावर झाडं संपली आणि तो समुद्र आला. मला कसं सांगावं कळत नाही. मी आपल्या तालुक्यातली बाई, टँकरमागं पळालेली, हंड्यासाठी शेजारणीशी सहा महिने अबोला धरलेली. आणि समोर पाणीच पाणी, ते संपतच नाही, पार आभाळाला जाऊन लागलेलं, आणि त्या अख्ख्या काठावर एकाही बाईच्या हातात घागर नाही. पहिला विचार माझ्या मनात हाच आला, सांगायला लाज वाटते. खारं असतं हे माहीत होतं, तरी खाली वाकून बोट बुडवून चाखलं. तेवढ्यात एक जहाज आलं, काठाच्या इतकं जवळून, की विट्याचा एसटी स्टँड उचलून पाण्यावर सोडल्यासारखं वाटलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं सरकत गेलं. मला बोलता येईना. पोरगी माझ्याकडं बघत होती. तिनं मला बोलता येत नाही असं कधी बघितलं नसेल.

काठावर जाळी आहेत, घराएवढी, लाकडी वाशांना टांगलेली. चार माणसं दोर ओढतात, पलीकडं मोठाले दगड बांधलेत, ते खाली येतात आणि जाळं वर येतं. आपल्या विहिरीवरच्या मोटेसारखंच गणित, फक्त बैलांच्या जागी दगड. मी अर्धा तास तिथून हलले नाही. जाळं वर आलं, त्यात मूठभर मासे. मी आमच्या वाटाड्याला मोडक्या हिंदीत म्हणाले, एवढ्या खटाटोपाला एवढेच? तो म्हणाला, अम्मा, कधीकधी एवढे पण नसतात. शेकडो वर्षं हे असंच ओढतात म्हणे. पुढं गोऱ्या लोकांचं एक देऊळ दाखवलं, त्यात समुद्रातून आलेला एक मोठा परदेशी पुरला होता, काही वर्षांनी त्याच्या माणसांनी हाडं काढून मायदेशी नेली. मग अशी झाडं की एकाच्या अंगावर दुसरी वीस झाडं वाढलेली. त्यांच्याखालून चालताना मी पदर डोक्यावर घेतला, का ते माहीत नाही. पुढं वखारींचा रस्ता लागला. आलं, मिरी, लवंगा, आणि त्या वासाबरोबर तुमची पिशवी. एका वखारीत बाईनं पिवळं फळ फोडून दाखवलं. आत लाल जाळी, जाळीत जायफळ. आवं, हे सांगायला तुम्हाला काय झालं होतं? पिवळं फळ आसतंय, पिकलं की आपोआप उकलतंय, एवढं तरी म्हणायचं.

ऊन चढलं. आम्ही एका बारक्या गल्लीतून चाललो होतो, वाटाड्या पुढं कुठलीतरी निळ्या फरशांची जागा दाखवणार होता. एका दारातून ऐकू आलं, "आरं गड्या, चिमटा कुठं ठिवलास?" मी थांबले. पोरगी म्हणाली, "आई, चल." मी सरळ आत शिरले. आत अंधार, सोनं गाळायची भट्टी, ठिकठिकाणी जळलेले बनियन घातलेले दोन गडी, भिंतीवर खंडोबाचा फोटो, आणि खुर्चीत एक म्हातारा, ऐंशीचा असेल. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गाव कंचं?" मी गाव सांगितलं. "कुणाची तू?" मी तुमचं नाव सांगितलं. म्हातारा खुर्चीतून उठला. म्हणाला, "आण्णाची पोरगी? ती एसटीत बसलेली?"

आण्णा, चाळीस वर्षांनी, परक्या मुलखात, एका अनोळखी माणसानं मला त्या एसटीवरनं ओळखलं. तुम्ही हे तिथं सांगत होता. घरी तोंडातून शब्द काढला नाहीत आणि तिथं भट्टीपुढं बसून माझ्या हट्टाची गोष्ट सांगत होता. मी तिथल्याच एका पोत्यावर बसले. म्हातारा ओरडला, "बाय, उठ, उठ, त्यात सोनाराकडचा केर हाय, धुवायचा हाय आजून." गडी हसले. मी साडी झटकायला दाराकडं गेले तर म्हणाला, "भाईर झटकू नगं, हितंच झटक, सोन्याचं कण आसत्यात त्यात." मग मी विचारलं, मामा, आण्णांचं काही राहिलंय का इथं? तो म्हणाला, "काय ऱ्हाणार? अंगावरचं कापाड सुदिक वरसाला जाळायचं आन् राख धुवायची, त्यातलं सोनं मालकाचं. तुझ्या बानं एक कण कवा घरी न्हेला न्हाई." म्हणून तुम्ही कायम नव्या पांढऱ्या कपड्यांत यायचात. लहानपणी मला वाटायचं, तिथं कोचीनला तुम्ही कुणी साहेब आहात.

मी म्हणाले, मग मला का नाही आणलं? मामा म्हणाला, "समुद्राचं भ्या. म्हणायचा, जी पोरगी न इचारता एसटीत बसती, ती न इचारता पाण्यात जाईल. आन् तिथलं पाणी म्हंजे राक्षस." मी म्हणाले, आवं, मी आत्ता बघून आले, शेळीसारखं गरीब आहे. मामा म्हणाला, "आमाला सुट्टी फकस्त आवसंला. आवसंला भट्टी पेटवायची न्हाई, ही आपली रीत. बाकी दिवस सकाळधरनं रातपतूर हितंच. मग आण्णा आवसंच्या आवसंला चालत जायचा समुद्रावर, बसायचा एकटाच, आन् यायचा भिजून. रस्त्यावर पाणी आसायचं म्हणं."

दारात छत्री टेकवून आमचा वाटाड्या उभा होता, उशीर होतोय म्हणून तोंड वाकडं करून. पोरीनं त्याला हे सगळं हिंदीत सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, अमावास्येला आणि पुनवेला समुद्राला मोठं उधाण असतं, पावसाळ्यात तर भिंतीवरून रस्त्यावर येतो. बाकी दिवस असा नसतो. मामांना हे मराठीत सांगितलं. म्हातारा परत खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "म्या बी एकदोनदा गेलो, ते बी आवसंलाच. म्या बी तसंच समजत हुतो गं." पन्नास वर्षं त्या गावात काढलेला माणूस.

मी तिथून निघाले ते परत समुद्राकडं. निळ्या फरशा बघितल्याच नाहीत, पोरगी एकटी बघून आली. मी काठावरच्या दगडावर बसले. तुम्ही यायचात तेव्हा हे पाणी इथं रस्त्यावर असायचं, काळं, आवाज करणारं, आणि तुम्ही तरीही दर आवसेला यायचात. भ्यायचात आणि यायचात. एकतीस वर्षांच्या आवसा किती होतात ते मला मोजता येणार नाही. त्या दिवशी मला जे दिसलं ते मोठं होतं. पण तुम्ही बघितलं ते त्याच्याहून मोठं असणार, असं मला राहून राहून वाटत होतं. राग तेव्हाच निम्मा उतरला, हे कबूल करते. निम्मा अजून आहे. भीती होती तर तसं सांगायचं. 'बघण्यासारखं काय न्हाई' म्हणायचं नाही. त्या एका वाक्यावर मी अख्खा जन्म विट्याच्या पुढं गेले नाही.

गाडीत पोरगी म्हणाली, "काय ठरलं मग?" मी म्हणाले, तुझ्या आजोबांना विचारून सांगते. ती खिडकीबाहेर बघत राहिली. ती न विचारता पाण्यात जाणारी नाही, ती पायरी बघून पाय टाकते. तिची मला काळजी नाहीच. खरं सांगू का आण्णा, हे मी जावयांनाही सांगितलं नाही आणि तिला तर कधी सांगणार नाही. मला तिचा हेवा वाटतो. रोज सकाळी उठून ती ते पाणी बघणार, मंगळवारी, शुक्रवारी, पाहिजे तेव्हा. त्या हेव्यापायी मी नाही म्हणीन की काय, याचीच मला भीती आहे.

लाइट आली. बायका डबे घेऊन दारात उभ्या आहेत, एक तर नाव घेऊन हाका मारतेय. हे पत्र कुठं टाकायचं मला माहीत नाही, गिरणीच्या फळीवर ठेवते. पोरीला सोमवारी सकाळी ऑफिसला कळवायचंय. तुम्ही मला रविवारी दिवस मावळायच्या आत सांगा. कसं सांगायचं ते तुम्ही बघा. एखाद्या साध्या दिवशी तुम्ही तो समुद्र बघितला असता, तर मला नेलं असतं का नसतं, एवढंच सांगा. पोरीचं काय ते मी बघते.