डोळे मिटून, एका पायावर

प्रिय बारके,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू माझा आवाज लगेच ओळखतेस, आणि आज मला तो धड ठेवता येणार नाही.

तुझ्या हट्टापायी आसनांच्या वर्गाला जायला लागले, त्याला पाच महिने झाले. कबूल करते बाई, फायदा झाला. पडदे शिवून शिवून माझी पाठ कशी धरायची ते तुला माहीतच आहे, मशीनवरून उठताना कण्हायचे नुसती. रोजच्या भुजंगासनानं ती सुटली. झोप लागते. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा माप बदलायला आलं तरी खेकसत नाही, लांब श्वास घेते. तुझे भावोजी म्हणतात, वर्गाचा खरा फायदा त्यांनाच झालाय.

भानगड झाली ती वृक्षासनात. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा मांडीला टेकवायचा आणि हात जोडून वर न्यायचे. उजव्या पायावर मी खांबासारखी उभी, डाव्यावर आले की डगमगायचे. बायका हसायच्या, मीही हसायचे. म्हटलं, वय झालं. मागच्या मंगळवारी शिकवणाऱ्या बाईंनी डोळे मिटायला सांगितलं आणि मी सरळ शेजारणीच्या अंगावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाई हसल्या नाहीत. मला खाली बसवून, डोळे मिटायला लावून विचारलं, "मी डाव्या पायाच्या कुठल्या बोटाला हात लावलाय?" मला सांगता येईना. हात लावलाय हेच कळलं नव्हतं. तोंडचं पाणी पळालं गं माझ्या. दिवसभर लोकांच्या घरी स्टुलावर चढून मापं घेते मी, याच पायावर.

तेव्हापासून रस्ता ओलांडतानाही पायांकडे बघत चालते. अंघोळ करताना डोळ्यांत साबण गेला की भिंत चाचपते. तीन दिवस कुणाला बोलले नाही, मग तुझ्या भावोजींनीच ओढून डॉक्टरांकडे नेलं. नसांचं दुखणं आहे म्हणाले, हळूहळू वाढणारं. इतक्या लवकर सहसा लक्षात येत नाही, आसनामुळे सापडलं, आणि लवकर सापडलं तर बरंच थोपवता येतं. आसनं सोडायची नाहीत, पण भिंतीला धरून करायची. स्टूल बंद. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी आईचं सांगितलं, शेवटची चार वर्षं अंथरुणात काढली ते. त्यांनी तुझी चौकशी केली.

आता खरं लिहिते. माझ्यापेक्षा मला तुझ्यासाठीच भीती वाटतेय. गेल्या महिन्यात तू फोनवर सांगत होतीस ना, जिन्यात चप्पल पायातून निघाली आणि चार पायऱ्या उतरल्यावर कळलं म्हणून? मी तुला वेंधळी म्हटलं. आईचंही असंच सुरू झालं होतं. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. एकाच पायात चप्पल घालून ती बाजारातून घरी आली होती, आणि मी पोट धरून हसले होते. हे वाचून झालं की भिंतीजवळ जा, कुणाला तरी शेजारी उभं कर, आणि एकेका पायावर उभी राहून डोळे मिटून बघ. मला बरं वाटावं म्हणून खोटं कळवू नकोस. पडलीस काय, न पडलीस काय, तू निघून ये. पुढच्या सोमवारच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे माझ्या नावाखाली तुझंही नाव लिहून आलेय.

तुझीच,
घाबरलेली ताई