पिस्टन नसलेली गाडी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, सोमवार (उपासाचा)

चि. पृथ्वीराजला अक्काचा आशीर्वाद. तुझं पित्त कसं आहे? पुण्यात बाहेरचं खाणं कमी कर. इकडे सगळे बरे आहेत, आमच्या दारात ठेवलेली तुझी लाल जपानी गाडी सोडून. ती बसल्यापासून तूही फिरकला नाहीस. वर फोनवर म्हणालास, चालू होत नसेल तर जेऊरच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. त्याआधी हे नीट वाच. (फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहिते.)

गाडी नुसतं घुर्र घुर्र करून मान टाकायची. तुझ्या दाजींनी आधी बॅटरीवर ठपका ठेवला. ती चार्ज करून आणली, तर घुर्र जरा जोरात झालं, एवढाच फायदा. मग मी नारळ फोडला. (चटणी केली, वाया काही गेलं नाही.) शेवटी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा रुद्रप्पा आला. बराच वेळ आत डोकं घालून, मोबाइलवर काहीबाही बघून हळूच म्हणाला, "अक्का, हिच्यात पिस्टनच न्हाय की." मी म्हटलं, जपानी माणूस असा फसवायचा नाही, तुला विकणाऱ्यानंच काढून घेतलं असणार. दाजी तर पोलिसात जायला चपला घालून तयार. तेव्हा रुद्रप्पानं मोबाइल दाखवला: या इंजिनात पिस्टन नसतंच, समोशासारखा फुगीर तिकोन आत जात्यागत फिरतो.

मग त्यानं प्लग काढले. सगळे पेट्रोलनं ओलेचिंब. विचारलं, गाडी रोज किती चालते? आता रोज सकाळी मला सडा-रांगोळी घालायची असते आणि गाडी नेमकी दारात. म्हणून दाजी ती चालू करून चार हात मागं घेतात आणि मी लगेच बंद करायला लावते. (रिकामा गॅस कुणी पेटता ठेवतं का?) त्यावर रुद्रप्पा म्हणतो, "मग चहा कोमट झाला की गॅस बंद करता व्हय?" थंड इंजिन असं लगेच बंद केलं की आत पेट्रोल राहतं आणि प्लग भिजतात म्हणे. म्हणजे मी वाचवलेलं सगळं पेट्रोल आतच साठलं होतं.

प्लग पापडांशेजारी उन्हात वाळवले. पेट्रोलचा पंप बंद ठेवून इंजिन फिरवलं, साचलेलं सगळं माझ्या रांगोळीवर उडालं. प्लग परत लावले आणि गाडी अशी गरजली की शेजारच्या मायाक्काबाईंचं दूध उतू गेलं. आता इंजिन तापल्याचा काटा मध्यावर येईपर्यंत बंद करायची नाही. तोवर मी तुळशीला प्रदक्षिणा घालते. इंजिन तेलही पितं, पण ती त्याची जातच तशी. मी ते वाण्याच्या यादीत गोड्या तेलाच्या खाली लिहिते. तेव्हा विकायचं कारण उरलेलं नाही.

तुझी,
अक्का

ता. क. : आत काजळी धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा ती मोडनिंबपर्यंत जोरात पळवावी लागेल. रुद्रप्पा फुकट पळवतो म्हणाला. मी म्हटलं, परक्या हाताला ती चालत नाही. तेव्हा दर रविवारी तूच ये. गाडी इथं ठेवण्याआधी तू नुसता भाऊबीजेला यायचास.

आणखी एक : विकलीसच, तर एस्टीनं ये. वार तोच ठेव.